मातीमोल म्हणजे किती?

भूगोलाचे शिक्षक रजेवर गेले म्हणून एका तासापुरते मला सातवीच्या वर्गावर पाठविण्यात आले. मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिक, त्यावर चित्रकलेच्या परीक्षा, आणि रिकाम्या वेळी कादंबऱ्या लिहिण्याचे व्यसन. भूगोलाशी माझा संबंध नकाशे रंगविण्यापुरता. तेव्हा आपला वेळ निभावून न्यावा म्हणून फळ्यावर एक सोपा प्रश्न लिहिला : माती कोठून येते? पुस्तकात त्याचे उत्तर एका ओळीचे आहे. 'खडकाचे विदारण होऊन माती तयार होते.' ही ओळ कुणीतरी घडाघडा म्हणेल, मी शाबास म्हणेन आणि घंटा होईल, असा माझा हिशेब. पण मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि अगदी सरळ मनाने म्हणाला,

"ट्रॉलीतनं, सर."

वर्ग खो-खो हसला. मला हसता आले नाही. पोराचा बाप वीटभट्टीवर ट्रॅक्टर चालवितो. बाकीच्यांनी पाठ केलेले सांगितले असते, याने डोळ्यांनी पाहिलेले सांगितले. आणि त्या ट्रॉलीतून एके वर्षी कोणाच्या रानातली माती गेली होती, हेही मला ठाऊक होते. ती आमची होती.

ते पुढे येईलच. आधी त्या पुस्तकातल्या ओळीचे पाहू. कारण माझे पहिले भांडण तिच्याशी आहे. 'विदारण' या शब्दाने मुलांच्या डोळ्यांपुढे काहीतरी हिरण्यकशिपूचे पोट येते. दगड एके दिवशी टरकन फाटला आणि आतून माती सांडली, असे त्यांना वाटते. किती दिवसांनी, किती वर्षांनी, किती पिढ्यांनी, याबद्दल त्या ओळीत अक्षर नाही. भाताला शिजायला किती वेळ लागतो हे न सांगता पाकशास्त्र शिकविणाऱ्या बाईंना घरातून कुणी सूनबाई म्हणणार नाही. पण मातीच्या बाबतीत आम्ही वर्षानुवर्षे मुलांना असेच शिकवीत आलो, आणि ती मुले मोठी होऊन तलाठी, कंत्राटदार, लेखक आणि शेतकरी झाली.

दुसरे भांडण आमच्या भाषेशी. संसार बुडाला की त्याची 'माती झाली'. चूक केली की 'माती खाल्ली'. मेलेल्या माणसाच्या 'मातीला' जायचे. आणि कवडी किमतीला काही विकावे लागले की ते 'मातीमोल' गेले. मराठी भाषेचा मला अभिमान आहे. पोट नसले तरी प्रतिष्ठा तीच भरते. पण या एका शब्दापायी मला तिची लाज वाटते. ज्याने हा शब्द पहिल्यांदा काढला त्याने माती कधी विकत घेतली नसावी, आणि तयार होताना तर खासच पाहिली नसावी.

तयार होताना ती कुणीच पाहिलेली नाही, हे खरे. पण होऊन गेलेले पाहायचे असेल तर काशी-रामेश्वर करायला नको. घाटातला रस्ता जेथे डोंगर कापून काढलेला असतो तेथे गाडी थांबवा, किंवा नवी विहीर खणली असेल तिच्या कडेला उभे राहा. विहीर खणणाऱ्यांचे शब्द भूगोलाच्या पुस्तकापेक्षा चांगले आहेत : माती, मुरूम, मांजऱ्या, पाषाण. वरची हात-दोन हात काळी. खाली पांढरट चुनखडीचे खडे. मग पिवळसर तांबूस मुरूम, जो धड दगड नाही आणि धड माती नाही. कुदळीने सुटतो, मुठीत दाबला तर फुटतो. त्याच्याखाली मोठमोठे गोल गोटे. त्या गोट्यांवर कांद्यासारखे पापुद्रे असतात, एक सोलला की आत दुसरा. आणि अगदी गाभ्यात निळसर काळा टणक दगड शाबूत असतो. दगडाला कोपरे होते ते आधी कुजले, कारण कोपऱ्याला पाणी दोन-तीन बाजूंनी लागते; म्हणून चौकोनी दगड कुजता कुजता गोल होतो. कुजतो हाच शब्द बरोबर आहे. दगड फुटतो कमी, कुजतो जास्त.

हा आपला दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडून थरावर थर साचला. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याने झाकलेला आहे. दोन उद्रेकांच्या मध्ये बराच काळ गेला तेथे खालचा थर, किंवा त्यावर पडलेली राख, कुजून तांबडी झाली आणि वरून पुन्हा लाव्हा आला. घाटात काळ्या दगडांच्या मध्ये तांबड्या गेरूचा पट्टा दिसतो तो हाच. म्हणजे धरणीने माती करायला घेतली होती आणि तिचा तवा पुन्हा तापला!

लाव्हा निवताना आकसला, त्याला भेगा पडल्या. त्या भेगांतून पाणी शिरले. पावसाचे पाणी आपण निर्मळ म्हणतो, पण ते हवेतून येताना कार्बन डायऑक्साइड घेऊन येते आणि अगदी सौम्य अम्ल होते. सोडा-वॉटरमध्ये असते तेच, फार पातळ. मुळ्यांनी आणि जिवाणूंनी जमिनीत सोडलेला वायू त्याला आणखी धार देतो. या पातळ अम्लाने दगडातले एकेक खनिज सुटत जाते. १९३८ साली गोल्डिच नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने त्याचा क्रम लावून दिला : लाव्हातून जे सर्वांत आधी गोठते ते ऑलिव्हिन सर्वांत आधी कुजते, आणि क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी सर्वांत शेवटी. बेसाल्टात गारगोटी जवळजवळ नाहीच. म्हणून त्याची वाळू फारशी होत नाही, चिकणमाती होते. लोह गंजून तांबडे-पिवळे होते. चुना, मॅग्नेशियम, पोटॅश सुटतात, आणि तीच पुढे पिकाची शिदोरी.

आमच्या घरी दिवाळीच्या आधी काळा मसाला होतो. त्यात दगडफूल पडते. त्याला फूल म्हणतात, पण ते फूल नव्हे. बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार आहे. अशी शिलावल्के उघड्या कातळावर आणि झाडांच्या सालींवर वाढतात, आणि कातळावर वाढणारी आपल्या अम्लाने दगडाला हळूहळू खातात. जेथे मूठभर माती नाही तेथे पहिला शेतकरी म्हणून हीच मंडळी येतात. ती मेली की त्यांचा चुरा फटीत साचतो, त्यात शेवाळ येते, मग गवत. सासूबाईंनी खलबत्त्यात कुटलेल्या त्या काळपट पापुद्र्यात असा कुणबी बसला आहे हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळले, याचे मला वैषम्य वाटते.

आता गंमत अशी की दगड एकच, पण त्याची माती एकसारखी होत नाही. याला दुसरा जिल्हा नको, आमचा सातारा पुरे. महाबळेश्वरी वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस. त्या माऱ्यात चुना गेला, पोटॅश गेले, वाळूचे मूळ द्रव्य सिलिकाही वाहून गेले. मागे लोखंड आणि ॲल्युमिनियम राहिले, आणि त्यांचा झाला जांभा. १८०७ साली बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टराने मलबारातला असलाच दगड पाहून त्याला लॅटिन भाषेतल्या विटेच्या शब्दावरून लॅटराइट हे नाव दिले, कारण तेथले लोक तो विटेसारखा कापून घरे बांधीत. कासच्या पठारावर याच जांभ्यावर बोट-दोन बोटे माती आहे. भादव्यात तेथे फुले पाहायला मोटारींची रांग लागते. त्या फुलांत सीतेची आसवे आहेत आणि दवबिंदू आहेत. नावे गोड, पण दोघेही किडे धरून खातात. मातीत नत्र नाही, तर करतील काय? पोटासाठी त्यांना शिकार करावी लागते. फोटोसाठी त्यांच्यावर बसणाऱ्यांना हे ठाऊक असते तर बरे झाले असते.

तेथून पूर्वेला शंभरएक किलोमीटर जा. माण तालुक्यात पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर. दगड तोच. पण पाणी नाही, म्हणून कुजणे अर्धवट; वर मुरमाड बरड आणि खाली लगेच कातळ. आणि मधल्या खोऱ्यांत, जेथे पाऊस बेताचा आणि पाणी थोडे साचून राहते, तेथे काळी. तिच्या चिकणमातीतल्या मुख्य खनिजाला फ्रान्समधल्या एका गावावरून माँटमोरिलोनाइट म्हणतात. ते पाणी पिऊन फुगते आणि वाळून आकसते. वैशाखात रानाला हात जाईल अशा भेगा पडतात, वरचा भुसभुशीत चुरा त्यांत पडतो आणि पहिल्या पावसाला भेगा मिटतात. जमीन आपली आपण थोडी नांगरून घेते. रंग काळा म्हणून ती फार कसदार, असा एक समज आहे. काळा रंग हा भरपूर शेणखताचा दाखला नव्हे. रंगावरून गुण ठरविण्याची आमची खोड जमिनीच्या बाबतीतही सुटलेली नाही.

या सगळ्याला लागतो किती काळ? इंचभर मातीला पाचशे ते हजार वर्षे, असा अंदाज सर्वत्र दिला जातो. हवापाण्याप्रमाणे तो पुष्कळ बदलतो. जाऊ द्या, आपण उदार होऊ आणि अडीचशेच धरू. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली सांगून झाली. तेव्हापासून आजतागायत, या उदार हिशेबाने, तीन इंच. सगळे यादव, बहामनी, शिवशाही, पेशवाई, इंग्रज आणि स्वराज्य मिळून तीन इंच!

आता आमची गोष्ट. कृष्णाकाठी आमचे एक एकर मळीचे रान आहे, माझ्या आणि थोरल्या बंधूंच्या नावे. २०१२ साली पुतणीचे लग्न निघाले. दादाजवळ पैसे नव्हते, माझ्याजवळ तर कादंबऱ्या होत्या. एक भट्टीवाले आले. निम्म्या रानातली, वीस गुंठ्यांतली, दोन फूट माती मागितली. पैसे रोख, आणि मला घर बांधायचे होते म्हणून काही भाग विटांत. आम्ही दोघांनीही सह्या केल्या. दोन फूट ठरले होते, यंत्र थांबले तेव्हा तीन गेले होते. त्याबद्दल भांडण झाले, पण गेलेली माती परत टाका असे म्हणायचे कुणाला सुचले नाही. आम्ही वरच्या एका फुटाचे पैसे मागितले. मिळाले नाहीत.

पुढे कधीतरी मी मुलांच्या पाटीवर हिशेब केला. नऊ इंच लांब, चार रुंद, तीन उंच अशी एक वीट. अशा सोळा विटांचा एक घनफूट. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तेव्हा एका गुंठ्याच्या एक फूट मातीच्या १७,४२४ विटा होतात; त्यांत मिसळलेली राख-भुसा सोडून देऊ. आमच्या वीस गुंठ्यांतून तीन फूट गेले, म्हणजे दहा लाखांवर विटा. काळाच्या हिशेबात तीन फूट म्हणजे, तेच उदार अडीचशे वर्षांचे माप लावून, नऊ हजार वर्षे. माझ्या घराला पस्तीस हजार विटा लागल्या. दोन गुंठे, एक फूट. त्यातल्याच एका भिंतीला पाठ टेकून मी हे लिहितो आहे, तेव्हा वाचकांनी मला साधू समजू नये.

कुणी म्हणेल, मास्तर, नदीकाठची मळी काही तेथल्या तेथे दगडापासून होत नाही. ती पुराबरोबर येते. बरोबर. आमची माती आमची नव्हतीच. ती वरच्या डोंगरांवर, कुठल्या तरी कड्याच्या फटीत झाली आणि कृष्णामाईने ती आम्हांला आणून दिली. पण तिला व्हायला लागलेला काळ वाटेत कमी झाला नाही. आणि आता वाईच्या वर धोमचे धरण आहे. वरचा गाळ तेथे बसतो. धरण चुकीचे असे मी म्हणत नाही, त्याच्या पाण्यावर आमचा ऊस उभा आहे. फक्त पूर्वीचा पुरवठा बंद झाला आणि आम्ही मात्र विक्री चालू ठेवली, एवढेच सांगतो.

विकलेल्या रानाचे काय झाले? तीन वर्षे ऊस पिवळा. खाली गेलेल्या वाफ्यात पावसाचे पाणी तुंबते. त्याहून वाईट म्हणजे शेजाऱ्याचे रान आमच्याहून तीन फूट उंच राहिले. त्याचा बांध दर पावसाळ्यात ढासळून आमच्यात येऊ लागला आणि त्याच्या कडेची ओल उतरू लागली. तिसऱ्या वर्षी त्यानेही माती विकली. तो म्हणाला, "तुमची गेली, आता माझी राहून काय करते?" एकाने विकली की सगळी ओळ विकते. भट्टीवाल्यांना हे आमच्या आधी ठाऊक असते.

अशा व्यवहाराचे समर्थन करणारे काही युक्तिवाद गावोगाव, आणि शिकलेल्यांतही, चालतात. 'माती काय, पुन्हा होते', हा पहिला. होते ना. पण दुष्काळी गावातल्या विहिरीला पाझर आहे म्हणून कुणी तिला पंप लावून तलाव भरायला निघत नाही. १९८३ साली ध्रुवनारायण आणि रामबाबू या संशोधकांनी अंदाज काढला की आपल्या देशात दर हेक्टरी वर्षाला सरासरी १६ टनांहून अधिक माती धुपून जाते. म्हणजे वर्षाला मिलिमीटरहून थोडी जास्तच. त्यातली बरीच खालच्या कुणाच्या रानात बसते हे खरे, पण वरच्याची ती गेलीच. आणि २००७ साली डेव्हिड मॉन्टगोमरी या अमेरिकी भूवैज्ञानिकाने जगभरची मोजमापे एकत्र करून दाखविले की नांगराखालच्या रानातून माती जाण्याचा वेग ती तयार होण्याच्या वेगाच्या दहापट ते शंभरपट आहे. हे नुसत्या पावसाने आणि नांगराने. त्यात जेसीबी धरलेला नाही.

'धरणातला गाळ आणून टाकू', हा दुसरा. गाळ टाकणे चांगलेच. २०१७ पासून सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' म्हणून योजनाच काढली, आणि मुरमाड रानावर तलावातला गाळ पसरून ज्यांनी पीक घेतले त्यांना मी दंडवत घालीन. पण तो गाळ आभाळातून पडलेला नसतो. ती कुणाच्या तरी शेतातली वाहून गेलेली माती असते. हरवलेली पिशवी सापडली म्हणून तिला मिळकत म्हणू नये.

तिसरा युक्तिवाद यंत्रयुगाचा आहे : 'दगड फोडला की माती.' आमच्या वडिलांनी १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडली. हाताच्या घट्ट्यांसकट त्यांनी सांगितले असते की दगड कितीही फोडला तरी खडी होते, फार तर भुकटी होते, माती होत नाही. क्रशरवरच्या भुकटीत ज्वारी पेरून पाहावी. मातीला कुजलेले खनिज लागते आणि त्यात मेलेले-जिवंत प्राणी लागतात. चार्ल्स डार्विनने म्हातारपणी, १८८१ साली, एक अख्खे पुस्तक गांडुळांवर लिहिले आणि हिशेब दिला की इंग्लंडात पुष्कळ ठिकाणी गांडुळे दर एकरी वर्षाला दहा टनांवर माती पोटातून काढून वर आणून टाकतात. ज्याने सगळ्या जीवसृष्टीचा वंशवृक्ष मांडला त्याला शेवटी गांडूळ लिहिण्याजोगे वाटले! पहिल्या पावसाचा जो मातीचा वास, तोही दगडाचा नव्हे. मुख्यतः जमिनीतल्या जिवाणूंनी केलेल्या द्रव्याचा आहे. वरची तीन फूट काढून नेली म्हणजे हे सगळे बिऱ्हाड काढून नेले. खाली उरते त्याला रंग मातीचा असतो, एवढेच.

या वासावरून आठवले. आमच्या लेखक मंडळींना तर मी मुळीच मोकळे सोडणार नाही. 'काळी आई', 'मातीची ओढ', 'मातीशी नाळ'. दिवाळी अंक उघडावा तर पानापानांतून मृद्गंध सुटलेला. मी माझ्या दोन कादंबऱ्या घेऊन बसलो आणि मातीचा वास किती वेळा आला ते मोजले. एकोणचाळीस! त्यातली दुसरी कादंबरी मी २०१२ साली, रानात यंत्र चालू असताना लिहिली. आईला हाक मारायला मी एकोणचाळीस वेळा तोंड उघडले आणि सही करताना एकदाही उघडले नाही. नवरात्रात घटासाठी रानातली वावरी आणावी लागते. शहरात ती आता पिशवीतून विकत मिळते. तिच्यावर धान्य पेरून आम्ही नऊ दिवस दिवा लावतो आणि दहाव्या दिवशी भट्टीवाल्याचा फोन घेतो.

आणि सरकार तिला काय म्हणते? 'गौण खनिज'. १९५७ च्या खनिज कायद्यातच साधी चिकणमाती गौण खनिजांत बसविली आहे. २००० साली भरावाची साधी मातीही तीत घातली गेली. गौण! ब्रासने मोजा, रॉयल्टी भरा, घेऊन जा. जी गोष्ट जमिनीखाली सापडते आणि काढून घेतली की संपते ती खनिज, हे मला समजते. पण जिच्यावर पीक उभे आहे तिलाही त्याच रांगेत, आणि तेही शेवटच्या बाकावर बसवायचे? सोन्याला कुणी गौण म्हणाले नाही. सोन्यात हरभरा उगवत असल्याचे ऐकिवात नाही.

'मग घरे बांधायचीच नाहीत का?' असे कुणी विचारील. बांधावीत. मीच बांधले आहे. पण आमच्या वाडवडिलांना दोन शब्द ठाऊक होते : काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. घराच्या भिंती आणि धाबी पांढरीच्या मातीची. काळीत भिंत उभी राहत नाही, ती फुगते-आकसते, हे व्यवहाराचे कारण होतेच. पण एकाचे दुसऱ्याकडे न्यायचे नाही ही शिस्तही त्यातून आपोआप पाळली गेली. पडलेल्या भिंतीची माती पुन्हा भिंतीला लागत असे. आज वीज केंद्रांतून राखेचे डोंगर निघतात. १९९९ साली केंद्र सरकारने नियमच काढला की औष्णिक वीज केंद्रापासून पन्नास किलोमीटरांच्या आत विटांत राख मिसळलीच पाहिजे, आणि त्याचा हेतू म्हणून शेतातली वरची माती वाचविणे असे स्पष्ट लिहिले. पुढे ते अंतर वाढवीत नेले. राखेची वीट मिळते, सिमेंटची मिळते. ती 'खरी' वीट नव्हे असे म्हणून नाक मुरडणारे आम्हीच. लाल वीट वाजवून घेण्यात जी प्रतिष्ठा आहे ती राखेत नाही.

आता शेवटचा युक्तिवाद, आणि तो सर्वांत घातकी, कारण त्याला वैराग्याचा वास येतो : 'अहो, मातीचे मातीतच जाते. घरे पडतील, विटांची पुन्हा माती होईल.' हे साफ खोटे आहे. कच्च्या भिंतीची होते, भाजलेल्या विटेची होत नाही. भट्टीच्या आचेने चिकणमातीच्या रचनेतले पाणी एकदा उडून गेले की ती पाण्यात पुन्हा विरघळत नाही, फुगत नाही, पिकाला धरत नाही. पुणे जिल्ह्यात इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून कित्येक वर्षे खणून तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती उघडी केली. त्या लोकांची रंगविलेली मडकी खापरे होऊन निघाली. घरे विरघळली, माणसांची हाडे उरली, आणि खापर खापरच राहिले. माझ्या पस्तीस हजार विटा तीन हजार वर्षांनी कुणीतरी ब्रशने झाडीत बसेल; त्यांत हरभरा उगवणार नाही.

शेतकऱ्याला मी यात दोष देत नाही. पोरीचे लग्न, दवाखाना, सोसायटीचे देणे. रोख पैसा देणारी एकच वस्तू त्याच्या पायाखाली असते. आणि पिकातून जे मिळायला दहा वर्षे लागतील ते एका उन्हाळ्यात हातावर पडते. दोष भाव ठरविणाऱ्यांचा आहे. ट्रॉली, यंत्राचा तास, डिझेल, मुकादम, रॉयल्टी, या सगळ्यांचा भाव त्या व्यवहारात धरलेला असतो. फक्त मातीचा धरलेला नसतो. ती मातीमोल असते.

दादाला मी हे सगळे ऐकविले. गेल्या वर्षी पाऊस उघडल्यावर तेच भट्टीवाले उरलेल्या वीस गुंठ्यांसाठी आले होते. भाव वाढवून. दादाच्या गुडघ्याचे ऑपरेशन व्हायचे होते. सातबारावर दोघांची नावे, तेव्हा कागदावर दोघांच्या सह्या हव्यात. मी गोल्डिच सांगितला, डार्विन सांगितला, अडीचशे वर्षांचा हिशेब पाटीवर करून दाखविला. दादाने शांतपणे ऐकून घेतले. मग माझ्या भिंतीवर हात ठेवून म्हणाला,

"आरं मास्तर, ही पाड की मग. आन् टाक रानात."

वहिनी आतून म्हणाल्या, "भावजी बरोबर सांगत्यात, पर गुडघा त्येंचा न्हाई." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. ऑपरेशन पुढे माझ्या फंडातून कर्ज काढून झाले. त्याने माझा युक्तिवाद खरा ठरला असे नव्हे. माझ्याजवळ फंड होता एवढेच.

कागद अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. दादा त्या वेळी आठ-दहा दिवस माझ्याशी बोलला नाही. दिवाळीत माझ्या मुलीला किल्ला करायचा होता. आळीतली बरीच मुले हल्ली प्लास्टरचे तयार किल्ले आणतात, पण हिला मातीचाच हवा होता. वर अळीव पेरायचे होते. अंगणात फरशी, मागे फरशी. मी कुंड्या उकरायला घेतल्या होत्या. वसुबारसेच्या सकाळी दादा लंगडत दारात आला, गड्याच्या डोक्यावर दोन घमेली माती होती. उरलेल्या रानातली. फरशीवर ती ओतून घेतली आणि मुलीला विचारले, "पुरंल का गं एवढी?" माझ्याकडे पाहिले नाही.

तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडला. मुलीने माती झाडून घमेल्यात भरली, आणि मी ती सायकलला लावून रानात टाकून आलो. दोन घमेली. यंदा पाऊस उघडला की भट्ट्या पुन्हा पेटतील, आणि भट्टीवाल्यांचा निरोप आधीच येऊन गेला आहे.